कासार गल्लीतलं भूमिपूजन

आमच्या नगरपालिकेत वाघचौरे अण्णा पुन्हा पुन्हा निवडून यायचे, आणि दर निवडणुकीआधी कासार गल्लीतल्या त्याच एका गटाराचं भूमिपूजन करायचे. नारळ फुटायचा, कुदळ जमिनीला जेमतेम टेकायची, फोटो निघायचा. गटार काही व्हायचं नाही. पावसाळ्यात घाण पाणी थेट लोकांच्या स्वयंपाकघरात शिरायचं.

यंदाही अण्णांनी नारळ फोडला, कुदळ टेकवली आणि हात जोडून म्हणाले, "गटार झालंच म्हणून समजा. तेवढं मतांचं बघा."

गल्लीतल्या हौसाबाई शांतपणे पुढे आल्या. त्यांनी अण्णांना कुंकवाचा टिळा लावला, त्यांच्या पायाशी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. अण्णांनी तो खुशीत तोंडात टाकला.

"हे कशाबद्दल, मावशी?"

"गल्लीच्या मतांचं भूमिपूजन केलं, अण्णा. मतं मिळालीच म्हणून समजा."

अण्णा खोबरं चावायचे थांबले. आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मतदानाला अजून महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच गल्लीत खोदकाम सुरू झालं, आणि या वेळी कुदळ नुसती टेकत नव्हती.