दोन मुसळांमधले गाणे

हरवलेली आठवण परत आली, तर मधल्या काळात ती कुठे होती, असा विचार तुम्ही कधी केला आहे का? सूक्ष्म कणाने गमावलेले काही त्याला भोवतालाकडून परत मिळते, तेव्हा शास्त्रज्ञही हेच विचारतात. भोवतालाने ते नोंदून ठेवले होते, की ते दोघांच्या मध्ये गुंतून राहिले होते?

एकदा एका व्यापाऱ्याची पत्नी मोठ्या तापातून उठली, पण मागचे सारे विसरली. मुलगी रोज सांगे, "आई, मी तुझी सगुणा." तेवढे ती म्हणून दाखवी. मात्र धाकट्या जावेबरोबर पोहे कांडताना, दोघींची मुसळे एका उखळात आळीपाळीने पडू लागली, की माहेरची गाणी आपसूक तिच्या ओठांवर येत.

व्यापारी धाकट्या भावाला सपत्नीक दूरच्या पेठेतल्या दुकानावर पाठवणार होता. तो वृद्ध वैद्यांना म्हणाला, "वैद्यबुवा, भावजय जी गाणी आठवून देते, ती सगुणेला शिकवून ठेवतो. मग भावजय गेली म्हणून काय बिघडलं?"

वैद्यांच्या शिष्यालाही ते पटले. "खरंच गुरुजी, मुलीकडून आली काय, जावेकडून आली काय, आठवण आल्याशी कारण."

"मग दोन्हीकडे आठवण येताना मध्येच अडवून बघ," वैद्य म्हणाले.

आईकडे निघालेल्या सगुणेला शिष्याने वाटेत विचारले, "काय सांगणार आहेस?" तिने सांगितले. मग आईला सांगितले. आईने ते जसेच्या तसे म्हटले.

पुढे कांडण सुरू झाले. गाणे रंगात येताच शिष्याने जावेला मध्येच विचारले. "वहिनी, पुढची ओळ काय?"

"मला काय ठाऊक? जाऊबाईंच्या माहेराची वेससुद्धा मी पाहिली नाही!" ती हसली, पण तिचे मुसळ चुकले आणि दुसऱ्यावर आदळले.

व्यापाऱ्याची पत्नी भांबावली. "मी काय म्हणत होते गं?"

जावेला सांगता येईना. दिवसभर ते गाणे आले नाही.

"गुरुजी, हे काय करवलंत माझ्याकडून?" शिष्याने विचारले.

वैद्य म्हणाले, "बाळ, सगुणेकडे होता तो निरोप. निरोप वाटेत उघडून वाचला तरी पोहोचतो, दुसऱ्याच्या हातीही देता येतो. जावेकडे निरोप नव्हताच. ते गाणे एकीतही नव्हते, दुसरीतही नव्हते. ते दोघींच्या मध्ये होते, आणि आपण तिथेच डोकावलो. परतलेली आठवण वरून सारखीच दिसते. मध्ये डोकावल्यावाचून तिची जात कळत नाही, आणि त्याची किंमत आज त्या माउलीने मोजली. जाऊ जवळ राहिली, तर कदाचित दुसरे गाणे येईल."

व्यापारी दारात उभा राहून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूरच्या दुकानावर तो स्वतः गेला; भाऊ आणि भावजय घरीच राहिले.