ढाकू चालला ती शीव

कुडवळ्याच्या देवळामागे भाताची खाचरं उतरत जातात. त्यातला एक बांध ऐनाच्या झाडापाशी अचानक उजवीकडे वळतो. जमिनीचा उतार डावीकडे, बांध मात्र उजवीकडे. पाहुणे कारण विचारतात, तेव्हा सांगावं लागतं.

खोतांच्या काळची गोष्ट. गावाचा सारा खोत भरायचा आणि कुळं त्याच्या मर्जीवर जमीन कसायची. भागीरथी नावाच्या कुळवाडणीचा नवरा वारला, तसा खोत म्हणाला, ऐनाखालचं खाचर माझ्या खासगीतलं. ते तिच्या नवऱ्याने कातळ फोडून केलेलं. त्यावरच तिचं पोट होतं. पंचांनी ठरवलं, शीव चालवावी. गावातल्या जाणत्याने देवीसमोर डोक्यावर मातीचं ढेकूळ घ्यायचं आणि चालायचं. तो चालेल ती हद्द. खोटं चालला तर देवी त्याचा वंश बुडवते, असं सांगतात.

निवडला ढाकू म्हाद्ये, आमचा पूर्वज. भागीरथीच्या नवऱ्याबरोबर तो बांध त्यानेच घातला होता.

खोताने धमकी दिली नाही म्हणे. देवळाच्या पायरीवरून हसत म्हणाला, "ढाकू, म्हातारा झालास. पाय नीट टाक हो. तुझी खाचरंही माझ्याच शब्दावर आहेत."

ढाकू ऐनापर्यंत सरळ गेला. तिथे भागीरथी उभी होती. तो उजवीकडे वळला.

"भावजी, बांध हिकडं हाय," ती म्हणाली. "तुमच्याच हातचा."

डोक्यावर ढेकूळ असलं की मान वळवता येत नाही. ढाकूने ते निमित्त धरलं आणि चालत राहिला.

ढेकूळ फुटलं नाही. देवीचा कौल मिळाला म्हणून लोकांनी हात जोडले. खोताने नवा बांध घातला. भागीरथी त्याच खाचरात मजुरीने लावणी करू लागली.

ढाकूला काहीच झालं नाही. भात पिकलं, वंश वाढला. तेच त्याला सोसेना, असं म्हणतात. नातवाच्या लग्नात त्याने भर मांडवात नवऱ्याचं मुंडासं उतरवलं आणि सगळ्यांदेखत खरं सांगितलं. भागीरथी मागे भांडी घासत होती. म्हणाली, "आता सांगून काय करू, भावजी? पंगत खोळंबलीय, वाढा."

आजही म्हाद्यांचा नवरा उघड्या डोक्याने बोहल्यावर उभा राहतो, आणि त्याचं कारण मुलीकडच्यांना त्याने स्वतः सांगायचं असतं. गेल्या वैशाखात मी सांगितलं. सासऱ्यांनी विचारलं, "ते खाचर आता कोण लावतं?"

शीव चालल्याच्या पुढच्याच वर्षी खोताने ते ढाकूला कसायला दिलं होतं. कूळकायद्यात आमच्या नावावर झालं.

"आम्हीच," मी म्हणालो.