कागदी फिल्टरच्या घड्या

रस्त्यावर मोटारसायकली मोजक्याच होत्या आणि वस्तू बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. रघोजी मिस्त्रींनी गाडीतून कागदी ऑइल फिल्टर काढला. त्याच्या जागी बसणारा स्टीलचा फिल्टर म्हणाला, "मला धुऊन पुन्हा वापरतात. तू मात्र आज कचऱ्यात."

"हो दादा," कागदी फिल्टर म्हणाला.

टाकण्याआधी मिस्त्रींनी सवयीप्रमाणे तो कापून घड्या उलगडल्या. आत इंजिनच्या तेलातून गाळलेला धातूचा चकचकीत चुरा होता.

"बेअरिंग झिजलंय," मिस्त्री म्हणाले. "उद्या घाटात इंजिन जाम झालं असतं."

त्यांनी लगेच बेअरिंग बदललं. "तू मला वाचवलंस, बाबा," इंजिन फाटलेल्या कागदाला म्हणालं.

मग स्टीलचा फिल्टर म्हणाला, "मिस्त्री, मला धुण्याआधी माझ्या जाळीतही असंच बघत जा."