बाकांचे पाय

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. गाव कुठले ते मात्र विचारू नका, कारण तसे गाव नकाशावर नाही. आणि असले तरी मी तिथे गेलेलो नाही. एवढे सोडले तर शब्द न् शब्द खरा.

एकदा एक तरुण प्रचारक डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत येशूचे शुभवर्तमान सांगायला जाऊन राहिला. त्याने लहानसे प्रार्थनाघर उभारले आणि आत सागवानी बाक मांडले, अगदी भिंतीपासून भिंतीपर्यंत. ते बाक म्हणजे त्याच्या सुतार वडिलांच्या हातचे शेवटचे काम. रोज सकाळी तो ते पुसून काढी, आणि पुसताना वडिलांशी दोन शब्द बोलल्यासारखे त्याला वाटे.

पण दर रविवारी एकच प्रकार. माणसे यायची, दारात थबकायची, आत डोकावायची आणि बाहेर चिंचेखाली जाऊन बसायची. बाया तर त्यांच्याही मागे. प्रचारक रिकाम्या बाकांना प्रवचन देई. वर्ष सरत आले तसा त्याचा धीर सुटला. आपल्या गुरूंना, एका वृद्ध पाळकांना, त्याने निरोप धाडला, "मला परत न्या. इथली अंतःकरणे दगडाची आहेत."

पाळक आले. म्हणाले, "जायचे तर जाऊ. एवढा रविवार होऊ दे." आणि शिष्याला घेऊन ते वाडीतल्या वडीलधाऱ्या भागुजींच्या घरी गेले. भागुजींनी घोंगडी अंथरली. त्यांची सून हौसा पाणी ठेवून गेली आणि दाराआड जमिनीवर बसली. डोक्यावर पदर, पण कान इकडेच.

"भागुजीराव, आमच्या पोराकडे उपासनेला का येत नाही?" पाळकांनी विचारले.

"येतो की, बाबा. पन बसायला जागा कुठंय?"

शिष्याला हसू आले. "तात्या, सगळे बाक तर रिकामे असतात."

"तेच म्हनतोय मी," भागुजी म्हणाले. "सगळी जागा बाकांनीच धरलीया."

निघताना पाळकांनी भागुजींकडून करवत मागून घेतली. प्रार्थनाघरात आल्यावर त्यांनी पहिला बाक उलटा केला आणि सरळ त्याचा पाय कापायला घेतला.

"बाबा, हे काय करताय? माझ्या वडिलांनी घडवलेत ते."

पाळकांची करवत चालूच राहिली. काप वाकडा चालला होता. शिष्याने थोडा वेळ पाहिले. मग त्याला राहवेना.

"तिरपे कापताय. फळी चिरेल."

"मग तू काप," म्हणून पाळकांनी करवत त्याच्यापुढे धरली.

तो बराच वेळ ती हातात धरून बसला. पहिला पाय गळून पडला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. पण काप सरळ होता, वडिलांनी शिकवला होता तसा. संध्याकाळपर्यंत सगळ्या फळ्या पाटासारख्या जमिनीला टेकल्या. त्यांतल्या निम्म्या फळ्या पाळकांनी भिंतीशी उभ्या करून ठेवल्या, आणि खालची जमीन मोकळी झाली.

तेव्हा पाळक म्हणाले, "बाळा, इथली सून सासऱ्यासमोर उंच आसनावर बसत नाही. आपल्यापायी तिची पंचाईत होईल म्हणून सासराही आत येत नाही. त्यांनी प्रभूला नाकारलेले नाही, तुझ्या बाकाला नाकारले आहे."

"पण बाबा, ही रीत तरी योग्य आहे का?"

"ते आत आल्यावर एकत्र बसून बोला. दाराबाहेर उभ्या असलेल्याशी कसला वाद घालतोस? आपला प्रभू स्वर्गाच्या उंचीवरून गव्हाणीपर्यंत उतरला. तुला हातभर उतरणे एवढे जड जावे?"

रविवारी भागुजी दारात थबकले. आत पाहिले. वहाणा काढून आले आणि एका फळीवर मांडी घालून बसले. त्यांच्या मागून चिंचेखालची सारी मंडळी आली, आणि भिंतीकडेच्या मोकळ्या जमिनीवर बाया बसल्या. शिष्य उभा राहिला. मग काय वाटले कोण जाणे, तोही खाली बसला आणि येशूच्या जन्माची कथा सांगू लागला.

कथा संपल्यावर पदराआडून हौसाचा आवाज आला. "दादा, त्या गव्हानीपाशी त्याची आई कशावर बसली व्हती?"

इतका अभ्यास झाला होता त्याचा, पण हे त्याला कधी कुणी विचारले नव्हते.

"जमिनीवरच बसली असेल, ताई," तो म्हणाला.

"मंग बरं," हौसा म्हणाली, आणि जरा पुढे सरकून बसली.

त्या दिवसापासून परत जाण्याचा विषय त्याने काढला नाही. कापलेले पाय त्याने अंगणाच्या कडेने कुंपणाला रोवले, आणि पुढे त्यांना पालवी फुटली.

आता खरे सांगायचे तर पाळकांचे ते भाषण माझ्या पदरचे. ते असले काहीच बोलले नव्हते, नुसती करवत पुढे केली होती. पालवी मात्र खरीच फुटली.