लिव्हरखालचा थेंब

"...पण मन पुरतं निर्मळ झाल्याशिवाय मी लोकांपुढे उभा राहू कसा, भंते?"

प्रसेनजित विचारत होता. पौर्णिमेला विहारात जमणाऱ्या गावकऱ्यांपुढे चार शब्द बोल, असं भंते शीलरत्न त्याला कधीपासून सांगत होते. तो टाळत होता. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस, पाली सुत्तं तोंडपाठ. आपल्या हातून कच्चं काही जाऊ नये हा त्याचा हट्ट, आणि त्या हट्टाचा त्याला अभिमानही होता.

आज पौर्णिमा होती.

भंतेंनी स्वयंपाकघरातल्या कॉफी मशीनकडे बोट दाखवलं.

पावसाळ्यातल्या वर्षावासात येऊन राहिलेली एक इटालियन उपासिका जाताना ते मागे ठेवून गेली होती. लिव्हर खाली ओढून सोडला की आतला पिस्टन गरम पाणी कॉफीतून दाबून काढायचा. टेकडी चढून येणाऱ्या प्रत्येकाला भंते स्वतः कॉफी देत. पण पिस्टनचे रबरी वॉशर झिजले आणि पाणी भलतीकडूनच वाहू लागलं.

"नवे वॉशर आलेत," भंते म्हणाले. "बसव."

प्रसेनजितने बाह्या सरसावल्या. पिस्टन बाहेर काढला. जुने वॉशर वाळून कडक झाले होते. ते आकड्याने उचकटले, खाचा पुसल्या, नव्यांना ग्रीस लावून ते नीट बसवले. पिस्टन अलगद आत सरकला तेव्हा त्याला भारी वाटलं.

त्याने लिव्हर ओढून सोडला. कॉफी आली... आणि लिव्हरखालून पाण्याचा एक थेंबही.

त्याने सगळं परत उघडलं, परत बसवलं. थेंब होताच. कॉफी चाखली तर कडू. तो कप त्याने मोरीत ओतला. पुढचाही ओतला.

एव्हाना अंगण भरलं होतं. सगळ्यांकडून वंदना म्हणवून घेणाऱ्या वेणूताई दारातून डोकावल्या, कॉफीचं विचारू लागल्या. अजून जमलेली नाही, असं त्याने मान वर न करता सांगितलं आणि आणखी एक कप मोरीकडे नेला.

भंतेंनी त्याचं मनगट धरलं. कप काढून घेतला, उंबऱ्यावर बसले आणि प्यायला लागले.

"कडू आहे ती, भंते."

"आहे."

"आणि मशीन अजून गळतंय."

"गळतंय."

भंतेंनी डोळे मिटून आणखी एक घोट घेतला...

वेणूताईंना हसू आवरेना. आम्हालाही तीच कडू द्या, म्हणाल्या.

प्रसेनजितलाही हसू फुटलं. थेंबाखाली त्याने एक वाटी ठेवली आणि लिव्हर ओढला.

कप अंगणात जाऊ लागले. कुणी साखर मागितली, कुणी तोंड वाकडं करून कप संपवला. एक म्हातारबाबा म्हणाले, औषधासारखी आहे. पण दोन्ही हातांनी धरलेला कप काही त्यांनी सोडला नाही. प्रसेनजित त्यांच्याजवळच टेकला. मोरीत ओतलेल्या कपांची गोष्ट त्याने स्वतःच सांगितली. लोक खळखळून हसले. मग तो आपल्या भीतीबद्दल बोलू लागला. हसणं थांबलं, माणसं जवळ सरकली. ऊन अंगणभर पसरलं तरी कुणी उठेना.

बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो. तो गोंधळून उंबऱ्याशी आला.

"भंते... कसं झालं?"

भंतेंनी रिकामा कप पुढे केला.

"अजून आहे?"