तिसरा दिवस आणि आठवा दिवस

एका बाजारपेठेच्या गावी निटूरकर नावाचे एक वयोवृद्ध डॉक्टर होते. नाक-कान-घशाच्या विकारांत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. मुक्ता नावाची एक तरुण डॉक्टर त्यांच्यापाशी अनुभव घेण्यासाठी राहिली होती.

एका सकाळी हळदीचे व्यापारी गुरुपादशेठ गाल दाबून धरत आले.

“डॉक्टरसाहेब, तीन दिवस झाले. नाक चोंदलंय, वाकलं की कपाळ फुटेल असं वाटतं. हळकुंड मोडून नाकाशी धरलं तरी वास कळत नाही. ऐन सौद्याचे दिवस आहेत. जोरदार अँटिबायोटिक द्या. स्कॅनही काढून टाकू.”

डॉक्टरांनी अर्धा तास तपासले. नाकात उजेड टाकून पाहिले, मुक्तालाही दाखवले, गाल दाबले, वरचे दात हलकेच ठोकले, डोळे आणि ताप पाहिला. मग म्हणाले, “सायनसला सूज आहे. अँटिबायोटिक नको, स्कॅनही नको. पाणी उकळून गार करा, मीठ घालून त्यानं नाक धुवा. दुखलं तर ही साधी गोळी.”

“अहो, पण हिरवं येतंय!”

“येऊ द्या. रंगावरून औषध ठरत नाही. बहुतेकांचं हे विषाणूमुळे होतं आणि आठ-दहा दिवसांत आपसूक उतरतं. डोळा सुजला, एकाचे दोन दिसले, मान आखडली, तर मात्र तडक या. आणि बरं वाटून पुन्हा बिघडलं, तरी या.”

शेठ नाराज होऊन गेले. मुक्ताही गोंधळली. इतकी वेदना, इतकी तपासणी, आणि औषध जवळपास नाहीच! पण दुखण्याच्या पाचव्या दिवशी शेठचा फोन आला, उतार पडला होता. तेव्हा तिची खात्री पटली. सायनसला अँटिबायोटिक द्यायचे नसते, एवढे तिने मनाशी पक्के केले.

आठव्या दिवशी शेठ पुन्हा आले. डॉक्टर आतल्या खोलीत होते.

“परवापर्यंत छान होतो हो, ताई. कालपासून पुन्हा गाल ठणकतोय, तापही चढलाय.”

मुक्ताने नाक पाहिले. तीच सूज, तोच हिरवा स्राव. ती आश्वासक स्वरात म्हणाली, “घाबरू नका. दहा दिवस झालेले नाहीत. मिठाच्या पाण्यानं नाक धूत राहा.”

शेठ जिना उतरू लागले, तोच आतून सारे ऐकलेले डॉक्टर बाहेर आले. “शेठ, थांबा! वर या.”

त्यांनी डोळे आणि मान तेवढी पाहिली आणि सरळ अँटिबायोटिक लिहून दिले.

शेठ गेल्यावर मुक्ताला राहवेना. “सर, माणूस तोच, नाक तेच, तक्रारही तीच. त्या दिवशी अर्धा तास तपासून औषध नाही, आणि आज एका वाक्यावर औषध? मी नेमकं काय शिकायचं?”

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “मुक्ता, तू त्या दिवशी नाक पाहिलंस आणि आजही नाकच पाहिलंस. आजार मधल्या दिवसांत होता. उतरू लागलेलं दुखणं उलटून ताप घेऊन आलं, म्हणजे आता तिथे जिवाणूंनी घर केलं असण्याची शक्यता मोठी. हे नाकात दिसत नाही, रोग्याच्या तोंडून कळतं. त्यांनी तुला ते सांगितलंही.”

“आणि उतारच पडला नसता तर?”

“दहा दिवस वाट पाहून पुन्हा विचार केला असता. पहिल्यापासून तीव्र ताप आणि असह्य वेदना असती, तर दहा दिवसही थांबलो नसतो.”

सारे कळले असे मुक्ताला वाटेना, पण आपण कुठे घाई केली ते दिसू लागले होते.

चार दिवसांनी शेठ दाखवायला आले. ताप गेला होता, गाल हलका झाला होता. मुक्ता म्हणाली, “शेठ, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.”

“छे, छे! साहेबांनी आधी सांगितलं होतं, तेच तर तुम्ही सांगितलंत.”

“हो,” मुक्ता म्हणाली, “तीच चूक झाली.”