सोऱ्याची मूठ

"काकू, ती पोस्ट काढायला काय करावं लागेल, तेवढं सांगा."

शालनकाकूंनी मान वर केली नाही. त्या चकलीचं पीठ मळत होत्या.

"कुठली पोस्ट?"

"आमच्या सोऱ्याची."

विट्यात घराच्या मागच्या पडवीत शालन मोहिते फराळ करून विकतात. शिवाय त्या 'तळणीचा कट्टा' नावाचा ग्रुप चालवतात. फोनवरच्या या ग्रुपात एकसष्ट हजार बायका आहेत आणि थोडे धीट पुरुष. तिथे कोणी कोणाला फार गोड बोलत नाही, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास.

आलेला माणूस ऋत्विज सबनीस. पुण्यातल्या एका भांड्यांच्या कंपनीत डिझाइन आणि जाहिरात, दोन्ही खाती त्याच्याकडे. कॉलेजात सुवर्णपदक मिळालेलं, आणि ते त्याने आल्या आल्या सांगूनही टाकलं होतं.

पोस्ट होती गडहिंग्लजच्या हसीना मुल्लांची. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात कंपनीचा नवा सोऱ्या त्यांच्या हातात गरगर घसरत होता आणि पीठ वरून बाहेर येत होतं. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'दिसायला नवरी, कामाला पाव्हणी.' तीन लाख लोकांनी ते पाहिलं.

मालकांनी ऋत्विजला सांगितलं होतं, पोस्ट काढूनच ये, नाहीतर येऊ नकोस. सोमवारी त्याच साच्यावर आणखी वीस हजार नग निघायचे होते.

"आमच्या सोऱ्याच्या फोटोला अकरा हजार बदाम मिळालेत," ऋत्विज म्हणाला. "वेबसाइटवर तो चारी बाजूंनी फिरवून बघता येतो. बारा नावाजलेल्या जणींनी त्याची जाहिरात केली."

"त्यांनी चकली केली?"

"नाही... हातात धरला."

काकूंनी हात पुसले. मोबाइल उघडला, ती पोस्ट शोधली आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"घ्या. हितं दाबलं की जाईल."

ऋत्विज बघतच राहिला. त्याने वाटाघाटींची तयारी करून आणली होती. गाडीत भेटवस्तूंचा खोकाही होता.

"एवढं सोपं?"

"सोपंच हाय. पण खाली आठशे जणींनी लिवलंय, तेबी जाईल. काय जातंय ते तरी बघा एकदा."

आठशे कमेंट म्हणजे आठशे शिव्या, असं धरून त्याने वाचायला सुरुवात केली. शिव्या होत्या, नाही असं नाही. पण पंधराएकच.

नांदेडच्या एकीने सायकलची जुनी ट्यूब कापून मुठीवर चढवली होती. एकीने सुती फडकं ओलं करून गुंडाळलं होतं. एकीने लिहिलं होतं, माझ्या सासूबाईंची बोटं संधिवाताने वळत नाहीत, त्यांना हौस फार, त्यांनी कसा फिरवायचा? वेंगुर्ल्याच्या एका बाईने कॅलेंडरच्या पाठीमागे बॉलपेनने नवी मूठच काढून दाखवली होती. दोन बाजूंना दोन पंख, मापासकट. तिच्याखाली कोल्हापूरच्या एका लेथवाल्याने लिहिलं होतं, ताई, पंख अर्धा इंच कमी करा, नाहीतर कडेला लागतील. मग त्या दोघांचं तीस-चाळीस ओळी चाललं होतं.

ते चित्र ऋत्विजने मोठं करून पाहिलं. परत पाहिलं. सुवर्णपदकवाल्याला ते फार आवडलं नसावं.

"सूचना बऱ्या आहेत," तो म्हणाला. "पण खरं सांगू? या बायकांचं पीठच घट्ट असणार. आमच्या सोऱ्यात दोष नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं. तसंही असंल," काकू म्हणाल्या. "बसा मग."

त्यांनी फळीवरून त्याचाच सोऱ्या काढला. ग्रुपातल्या बऱ्याच जणींबरोबर त्यांनीही तो मागवला होता. आपल्या हाताने मऊ पीठ भरलं, झाकण लावलं आणि त्याच्या हातात दिला.

"आधी हाताला तेल लावा. पीठ भरणाऱ्या बाईचा हात कधी कोरडा नसतो."

ऋत्विजने तेल लावलं. मूठ फिरवली. मूठ गुळगुळीत, चकचकीत, आणि जागची हलली नाही. त्याची बोटंच तिच्यावरून फिरली. त्याने शर्टाच्या टोकाने धरून पाहिली. कपाळावर घाम आला. शेवटी कसाबसा एक वेढा पडला, दुसरा तुटला, तिसऱ्याला सोऱ्या हातातून निसटून परातीत पडला.

काकू हसल्या नाहीत. याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.



"मी हा चार महिने बसून केला, काकू," तो हळूच म्हणाला. "रोज स्क्रीनवर फिरवून बघायचो."

"मग? स्क्रीनवर फिरत हुता की."

त्याने परातीतले तुकडे गोळा केले. मग आपला फोन काढला आणि भराभर काहीतरी लिहिलं.

"हे ग्रुपात टाकू का? 'आमच्या सन्माननीय ग्राहक भगिनींनो, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा असून...'"

"कोण बोलतंय हे?"

"मी."

"घरी आईशी असंच बोलता?"

त्याने ते पुसलं. दुसरं लिहिलं, वाचून दाखवलं. त्यात कंपनीचं नाव तीनदा आलं होतं. काकू नुसत्या पीठ मळत राहिल्या. त्याने तेही पुसलं.

तिसऱ्या वेळी त्याने वाचून दाखवलं नाही. तेलकट बोटांनी एकेक अक्षर लिहिलं, परातीतल्या तुकड्यांचा फोटो काढला आणि फोन काकूंपुढे धरला.

'हा सोऱ्या माझ्या डोक्यातून आला. मी जन्मात चकली केली नव्हती. आज पहिल्यांदा केली, तिचे तीन तुकडे झाले. हसीनाताई बरोबर आहेत. मूठ चुकली आहे. वेंगुर्ल्याच्या ताई आणि कोल्हापूरचे दादा, तुम्ही काढलेली मूठ बनवायची आहे. खाली नाव तुमचं राहील. चालेल का? ऋत्विज सबनीस.'

काकूंनी दोनदा वाचलं.

"हे टाकलंस तर नोकरी राहील?" पहिल्यांदाच त्यांनी त्याला अरेतुरे केलं.

"माहीत नाही."

"मग बघ बाबा. मी काय सांगत न्हाई."

ऋत्विजने बोटाचं तेल शर्टाला पुसलं. मग बटण दाबून ते ग्रुपात टाकलं.

काकूंनी कढई गॅसवर ठेवली. तेल तापायला लागलं. तेवढ्यात ऋत्विजचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मालक... पोस्ट काढली का, विचारतील. काय सांगू, काकू?"

काकूंनी पिठाचा कण तेलात टाकून पाहिला. तो वर आला.

"सांग, आता दोन हायत."